पेजेवरचं पित्ताशय

सोनोग्राफी गावागावांत पोचली, त्याआधी पित्ताशय बघायचं म्हणजे दोन दिवसांचं काम असे. एका संध्याकाळी गोळ्या घ्यायच्या, रात्र उपाशी काढायची आणि सकाळी फिल्म. पुस्तकात या तपासणीला ओरल कोलेसिस्टोग्राफी म्हणत; आमच्याकडे तिचं नाव 'पित्ताच्या गोळ्यांचा फोटो' असं पडलं होतं. १९७० च्या दशकात मी मालवणच्या उत्तरेला, एका खाडीच्या तोंडावरच्या गावात, दोन खोल्यांच्या एक्स-रे विभागाचा एकुलता एक टेक्निशियन होतो. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली. तोवर आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचो आणि जिल्ह्याचं ठिकाण आम्हाला मुंबईपेक्षा फार जवळ वाटत नसे.

हे प्रकरण १९७९ च्या ऑक्टोबरमधलं. वैद्यकीयदृष्ट्या त्यात अचाट काही नाही. पित्ताशय पहिल्या दिवशी दिसलं नाही, दुसऱ्या दिवशी दिसलं, एवढंच. पण ते का दिसलं नाही हे शोधताना माझीच एक चूक हाती लागली, म्हणून ते लक्षात राहिलं. बाईंची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई आणि तिची कळ

वय बावन्नच्या आसपास. खाडीपलीकडच्या वाडीतली. आमच्याकडे यायचं तर आधी तरीवर बसून खाडी ओलांडायची, मग एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर पायी. चार बाळंतपणं झालेली, अंगानं भरलेली, साखर नाही, कावीळ कधी झालेली नाही.

गणपती पाण्यात गेले की आमच्याकडे इतक्या दिवसांचं शिवराक, म्हणजे शाकाहार, मोडतात. त्या दिवशी घरी वडे-सागोती झाली. मध्यरात्री उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली आणि पाठीत खवाट्यापर्यंत गेली. एक उलटी झाली आणि पहाटे कळ आपोआप विझली. घरच्यांनी म्हटलं, खाणं जास्त झालं असेल. मग पितृपक्षात म्हाळाच्या जेवणावर पुन्हा तेच, या खेपेला जास्त वेळ. दोन्ही जेवणांत तळलेलं होतं आणि दोन्ही वेळा कळ जेवणानंतर काही तासांनी, रात्रीच आली होती. ही हकीकत ऐकूनच डॉक्टरांनी पित्ताशयावर बोट ठेवलं. खरोखरच ठेवलं: उजव्या बरगडीखाली बोटं दाबून धरली आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. बाईंनी श्वास अर्ध्यावर तोडला.

डोळे पांढरेस्वच्छ, लघवीचा रंग नेहमीचा, शौचाचाही नेहमीचा. म्हणजे पित्ताची मुख्य वाट मोकळी होती. पोटाची साधी फिल्म काढली, तिच्यावर काही नव्हतं. त्याला अर्थही फारसा नव्हता, कारण पित्तखड्यात पुरेसं कॅल्शियम असेल तरच तो साध्या फिल्मवर उमटतो आणि तसं दहांत एखाद-दुसऱ्या रुग्णाचंच असतं. बाकीचे खडे बहुतेक कोलेस्टेरॉलचे. ते क्ष-किरणांना पाण्यासारखेच.

मग गोळ्या.

सहा गोळ्यांचा प्रवास

आम्ही वापरायचो ती आयोपॅनोइक ॲसिडची गोळी, बाजारातलं नाव टेलेपेक. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे औषध आलं आणि त्याने आधीची सगळी मागे टाकली. एक गोळी पाचशे मिलिग्रॅमची, अशा सहा. रात्रीच्या बिनतुपाच्या जेवणानंतर पाच-पाच मिनिटांनी एकेक, पाण्याबरोबर. पुढे पाण्याखेरीज काही नाही. बारा ते सोळा तासांनी फिल्म.

या औषधाच्या वजनातला दोन-तृतीयांश हिस्सा आयोडीनचा. सहा गोळ्या म्हणजे दोन ग्रॅम आयोडीन. माणसाला दिवसाला लागतं दीडशे मायक्रोग्रॅम. मी एकदा कागदावर हिशेब मांडला: एका संध्याकाळी रुग्णाच्या पोटात आपण छत्तीस वर्षांची बेगमी भरतो. (गोळ्या घेतलेल्या माणसाची थायरॉइडची आयोडीन-तपासणी पुढचे काही आठवडे, कधी काही महिने, बिनभरवशाची होते ती यामुळेच. गंमत अशी की हेच औषध पुढे भडकलेल्या थायरॉइडला आवरण्यासाठीही वापरलं गेलं.)

आता या गोळीला काय काय पार करावं लागतं ते बघा. सारं प्रकरण याच वाटेवर घडलं आहे. गोळी आतड्यात विरघळली पाहिजे. ती पाण्यात नीट विरघळत नाही, तिला पित्तक्षारांची मदत लागते. विरघळली की ती रक्तात शिरते, तिथे अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून यकृतापर्यंत जाते. यकृत तिला ग्लुक्युरॉनिक ॲसिडची जोड देऊन पित्तात सोडतं. ते पित्त पित्ताशयाच्या अरुंद नळीतून आत गेलं पाहिजे. आणि आत गेल्यावर पित्ताशयाने त्यातलं पाणी शोषून ते आटवलं पाहिजे. यकृतातून निघणाऱ्या पित्तातलं आयोडीन इतकं विरळ असतं की त्याची सावली पडत नाही. निरोगी पित्ताशय पित्ताला दहापटीपर्यंत दाट करतं, तेव्हा कुठे फिल्मवर पेरूसारखा पांढरा आकार उठतो.

म्हणजे आकार दिसला, तर एका दमात पाच गोष्टी कळतात: गोळ्या पोटात गेल्या, विरघळल्या, यकृत चालू आहे, नळी उघडी आहे, पित्ताशय आटवण्याचं काम करतं आहे. हा या तपासणीचा दिमाख होता. सोनोग्राफी पित्ताशयाचा आकार दाखवते. ही तपासणी त्याचं काम दाखवायची.

आणि आकार दिसला नाही, तर? तर पाचांपैकी काहीतरी एक बिघडलं आहे, इतकंच कळतं. तरीही व्यवहारात 'दिसलं नाही' याचा अर्थ 'पित्ताशय निकामी' असाच घेतला जायचा. बहुतेक वेळा तो बरोबरही निघायचा, त्यामुळे कोणी उलट विचारत नसे.

पहिली फिल्म

दसरा होऊन आठवडा झाला होता. ऑक्टोबरचा उकाडा, संध्याकाळी विजांचा पाऊस, आणि पावसाबरोबर वीज जाणार हे ठरलेलं. म्हणून फिल्मा सकाळी उरकायच्या. फिल्म धुण्याच्या रसायनाचं, डेव्हलपरचं, तापमान वीस अंशांवर हवं असतं आणि आमच्या विहिरीचं पाणीच अठ्ठावीसचं. मासेमारीच्या होड्यांसाठी बंदरावर बर्फाचा कारखाना होता, तिथून रोज सकाळी एक लादीचा तुकडा सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळून आणायचा आणि टाकीभोवतीच्या पाण्यात सोडायचा. माझ्या डार्करूमला हायपोच्या, म्हणजे फिल्म पक्की करणाऱ्या द्रावणाच्या, वासाबरोबर किंचित बांगड्याचाही वास असे.

यंत्र शंभर मिलिअँपिअरचं. पित्ताशयासाठी विजेचा दाब सत्तर किलोव्होल्टच्या आत-बाहेर ठेवायचो. वाढवला की फिल्म लवकर होते, पण आयोडीनची सावली फिकी पडते. दाब कमी म्हणजे वेळ जास्त, आणि वेळ जास्त म्हणजे रुग्णाने श्वास धरून ठेवणं आलं. बाईंना पालथं निजवलं, उजवी बाजू उशीने थोडी उचलली, म्हणजे पित्ताशय मणक्यापासून सुटून दिसतं. श्वास त्यांनी छान धरला. तरीवर येता-जाताना भीतीने धरायची सवय आहे म्हणाल्या.

हँगरवरची ओली फिल्म लाल दिव्याखाली बघितली. यकृताच्या कडेखाली काही नाही. बाजू बदलून दुसरी काढली, उभं करून तिसरी. नाही.

पण एक गोष्ट होती. मोठ्या आतड्यात, उजव्या बाजूला, पांढरे ठिपके पसरलेले होते, पोह्यांत मोहरी पडावी तसे. ते न विरघळलेल्या औषधाचे कण. थोडे ठिपके बऱ्याच रुग्णांत दिसतात. इतके मी पाहिले नव्हते.

डॉक्टरांनी फिल्मा खिडकीच्या उजेडाला धरल्या. फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीची, व्ह्यू बॉक्सची, ट्यूब गेले दोन महिने मुंबईहून 'येत' होती.

"नॉन-व्हिज्युअलाइज्ड," ते म्हणाले. "आज रात्री दुसरा डोस दे. उद्याही आलं नाही तर मी चिठ्ठी लिहून देतो, मुंबईला जाऊ देत."

हे रीतीला धरूनच होतं. पहिल्या डोसला पित्ताशय दिसलं नाही तर त्याच संध्याकाळी पुन्हा सहा गोळ्या देऊन दुसऱ्या दिवशी फिल्म घ्यायची, आणि दोन्ही वेळा दिसलं नाही तर रिपोर्टवर 'नॉन-फंक्शनिंग', म्हणजे निकामी, असं लिहायचं. त्या दोन शब्दांवर सर्जन पोट उघडत.

मला खटकत होते ते ठिपके. गोळ्या घेतल्याच नसत्या तर ठिपके आले नसते. उलटून पडल्या असत्या तरी इतके खाली आले नसते. म्हणजे गोळ्या पोटात गेल्या, आतड्यातून लांबवर गेल्या, पण विरघळल्याशिवाय. विरघळायला पित्त लागतं. कावीळ नाही, शौचाचा रंग नेहमीचा, म्हणजे पित्त आतड्यात उतरत होतं. मग पुरेसं का नाही?

बाई बाहेरच्या बाकावर नातीला टेकून बसल्या होत्या. मी जाऊन विचारलं, "काकी, गोळ्या सगळ्या घेतलात ना?"

"सगळ्यो घेतलंय. नातीन मोजून दिल्यान."

"आणि काल दुपारी काय जेवलात?"

"जेवान खयचा, झिला? पेज."

"परवा?"

"पेजच. म्हाळापासून पेज नि मीठ. तेलाचो थेंब पोटात नाय. भिया वाटता माका." मग जरा थांबून, माझीच समजूत काढावी तशा म्हणाल्या, "नि तुमच्याच कागदार लिवलेला आसा ना, तूप-तेल-नारळ बंद म्हणान?"

लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं.

सूचनांचा कागद

दवाखान्यात गोळ्यांबरोबर एक सायक्लोस्टाइल कागद द्यायचो. मूळ इंग्रजी पत्रकात 'आदल्या रात्रीचं जेवण चरबीरहित' असं होतं. मराठी करताना मला वाटलं, आमच्याकडे चरबीरहित म्हणून सांगितलं तर लोक तूप टाळतील, पण आमटीतला नारळ कोण टाळणार? नारळ आमच्याकडे चरबीत मोजतच नाहीत. तो पाण्यासारखा, मिठासारखा, सगळ्यात असतो. म्हणून मी तूप, तेल, नारळ अशी तिन्ही नावं घातली. इथवर ठीक. पण मग सावधगिरीची बाजू म्हणून 'आदल्या रात्री'चं 'आदले तीन दिवस' केलं. एक रात्र चांगली, तर तीन दिवस आणखी चांगले, असा हिशेब. कोणी तो कागद तपासला नव्हता. रुग्ण तो देव्हाऱ्याजवळ ठेवून त्याप्रमाणे वागत.

बाईंच्या बाबतीत तीन दिवसांचा प्रश्नच नव्हता. कळेच्या भीतीने त्या तीन आठवडे उकड्या तांदळाच्या पेजेवर होत्या. वैद्यांनीही जड बंद केलं होतं. माझ्या कागदाने त्यावर शिक्का मारला, इतकंच.

उपाशी कुत्रं

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. ती मी प्रशिक्षणाच्या काळात ऐकली होती आणि त्या बाकाशेजारी उभं असताना मला आठवली.

१९०९ साली जॉन एबल आणि लिओनार्ड राउंट्री यांनी दाखवून दिलं होतं की फिनॉल्फ्थॅलीनला क्लोरीन जोडून शरीरात सोडलं तर ते मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडतं. पुढे अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले सर्जन इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांना सुचलं की क्लोरीनच्या जागी ब्रोमीन किंवा आयोडीनसारखा जड अणू बसवला, तर पित्तच क्ष-किरणांना अडवेल. त्यांनी हे काम वॉरन कोल या तरुण डॉक्टरकडे सोपवलं. कोल कुत्र्यांना इंजेक्शनं देत गेले. फिल्मा कोऱ्या येत गेल्या. मग एका कुत्र्यात पित्ताशय दिसलं. औषध तेच, प्रमाण तेच. मग याच्यातच का? कोल यांनी प्राणी सांभाळणाऱ्या माणसाकडे चौकशी केली, तेव्हा कळलं की त्या दिवशी त्या एका कुत्र्याला सकाळचं खाणं दिलं गेलं नव्हतं. बाकीच्यांची पित्ताशयं खाण्यामुळे आकुंचन पावून रिकामी होत होती, त्यामुळे औषध तिथे साठतच नव्हतं. १९२४ च्या फेब्रुवारीत ग्रॅहॅम आणि कोल यांनी पद्धत जाहीर केली. सुरुवातीला औषध शिरेतून द्यावं लागे, रुग्णांना मळमळ, उलट्या, चक्कर असे त्रास होत. गोळ्यांची सोय नंतर आली.

खाण्याने पित्ताशय रिकामं का होतं, त्यामागचं संप्रेरक आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी १९२८ साली दाखवलं आणि त्याला कोलेसिस्टोकायनिन नाव दिलं. रुग्णाला उपाशी ठेवायचं हे आधी कळलं, कशासाठी ते चार वर्षांनी. ग्रॅहॅम यांचं नाव पुढे दुसऱ्याच कामासाठी जास्त गाजलं: १९३३ साली त्यांनी कर्करोगासाठी एक आख्खं फुप्फुस काढलं आणि रुग्ण कित्येक वर्षं जगला. १९५० साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं दाखवणाऱ्या अभ्यासातही ते होते. स्वतः १९५७ साली त्याच रोगाने गेले.

कुत्र्याच्या गोष्टीचा धडा सगळ्यांनी एकाच बाजूने पाठ केला होता: उपाशी ठेवा, पित्ताशय दिसेल. पण स्निग्ध पदार्थ पोटात गेलाच नाही, तर पित्ताशय आकुंचन पावायचं कारणच उरत नाही. तीन आठवडे तेच पित्त आत साचून, घट्ट होऊन बसतं. भरलेल्या घागरीत नवं पाणी कुठून जाणार? आणि घागर ओतलीच जात नाही म्हणून आतड्यात पित्तक्षारही बेताचेच उतरतात. मग गोळ्या विरघळत नाहीत, मोहरीसारख्या तशाच पुढे सरकतात. एका रात्रीच्या उपासाने कुत्र्याचं पित्ताशय उजेडात आणलं होतं. तीन आठवड्यांच्या पेजेने बाईंचं झाकलं असेल.

असेल. तेव्हा मला इतकी शंका नव्हती, हे कबूल करतो.

डॉक्टरांना सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले. "मग काय करायचं म्हणतोस?"

"आज दुपारी तुपाचं जेवण द्यायचं. पित्ताशय एकदा पिळून निघू दे. रात्री बिनतुपाचं आणि गोळ्या."

"आणि खडे असले, आणि त्या जेवणाने कळ आली तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याकडे होतं. जेवण घरी नाही, इथेच द्यायचं, आणि ते शेजारी बसतील, कळीचं इंजेक्शन भरून.

दुपार

दोन अंडी तुपात परतून, वाटीभर भात आणि त्यावर चमचाभर तूप. अंडी कंपाउंडरच्या घरून आली. बाईंनी ताटाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. पंधरा मिनिटं कोणी काही बोललं नाही. शेवटी नातीने पहिला घास भरवला, लहान मुलाला भरवावा तसा, आणि बाई रडत-हसत जेवल्या.

तासाभराने बरगडीखाली दुखायला लागलं. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, नाडी बघितली, इंजेक्शन हातात घेतलं आणि तसंच ठेवलं. पाऊण तासात ते दुखणं ओसरलं. बाई रात्री गावातल्या पुतण्याकडे राहिल्या. त्यांना भरपूर पाणी प्यायला बजावलं, कारण सलग दोन डोस मूत्रपिंडांवर जड जाऊ शकतात. रात्री पेज, या खेपेला वेळच्या वेळी आणि योग्य कारणासाठी. मग पुन्हा सहा गोळ्या.

सकाळी पहिलीच फिल्म हायपोतून काढली आणि हँगर तसाच ठिबकत हातात धरून मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. यकृताच्या कडेखाली एक फिकट, लांबट सावली होती. त्यात काळपट, वाटोळे भाग, एकमेकांवर आलेले, मोजता न येणारे. आतड्यातले ठिपके जवळपास नाहीसे झाले होते.

खरी फिल्म नंतरची, उभ्याने घेतलेली. ती ज्यांनी पाहिली त्यांनाच कळेल की या जुन्या पद्धतीवर लोकांचा जीव का होता. औषध मिसळलेलं पित्त जड होतं आणि कोलेस्टेरॉलचे खडे त्याहून हलके. त्यामुळे माणूस उभा राहिला की खडे वर येऊन जिथे त्यांचं वजन पित्ताशी जुळतं त्या पातळीवर ओळीने तरंगत थांबतात. पांढऱ्या आकाराच्या मधोमध आडवी, काळ्या मण्यांची एक सरळ रेघ. ओहोटीला खाडीत शेवटच्या पाण्याबरोबर होड्या एका रेषेत उभ्या राहाव्यात तशी. मी त्या रेघेत चौदा खडे मोजले.

मग पुन्हा तुपाचं छोटं जेवण, आणि पाऊण तासाने एक फिल्म. पित्ताशय निम्म्याहून लहान झालं होतं. आत खडे, पण पित्ताशय काम करतं आहे, नळी उघडी आहे. रिपोर्टवर 'नॉन-फंक्शनिंग' ऐवजी 'फंक्शनिंग, मल्टिपल फ्लोटिंग कॅल्क्युलाय', म्हणजे काम करणारं, अनेक तरंगते खडे असलेलं, असं गेलं.

यातून सिद्ध काय झालं

पुढची काही वर्षं मी हे प्रकरण जरा फुशारकीने सांगत असे. दुपारच्या दोन अंड्यांनी पित्ताशय दाखवलं, असं. आता तसं सांगत नाही.

दुसऱ्या डोसनंतर पित्ताशय दिसणं हे त्या काळी नेहमीचंच होतं, दुपारी अंडी खाल्ली असोत वा नसोत. दोन दिवसांचं औषध साठून सावली गडद होते. पहिल्या दिवशी ती होती पण आमच्या बर्फाळलेल्या डेव्हलपरने ती उमटवली नाही, असंही असू शकतं. शिवाय तिसरी शक्यता मला फार उशिरा सुचली: पित्ताशयाच्या नळीच्या तोंडाशी एखादा छोटा खडा पहिल्या दिवशी अडकलेला असेल आणि दुपारच्या आकुंचनात मागे सरकला असेल. तासाभराने दुखलं ते त्याचंच असेल. तसं असलं तर आम्ही दिलेल्या जेवणाने खडा मागे सरकण्याऐवजी पुढे, पित्ताच्या मुख्य नळीत जाऊ शकला असता. मग कावीळ आली असती आणि मी ही गोष्ट वेगळी सांगत असतो, किंवा सांगतच नसतो.

माझ्या बाजूने पुरावा म्हणून एकच वस्तू आहे: ते ठिपके. पहिल्या दिवशी होते, दुसऱ्या दिवशी जवळपास नव्हते. म्हणजे मधल्या काळात गोळ्या विरघळू लागल्या होत्या, आणि ते तुपाच्या जेवणाशी जुळतं. यापलीकडे एका रुग्णावरून काही म्हणणं बरोबर नाही.

आणि रुग्णाच्या दृष्टीने? खडे सापडले, त्रास होत होता, म्हणजे ऑपरेशन टळलं नाहीच. कोणी म्हणेल, मग 'दिसलं नाही' असाच रिपोर्ट गेला असता तरी काय बिघडलं असतं? कदाचित काही नाही. पण खडे डोळ्यांनी दिसले म्हणून सर्जनने आधी अल्सर बघण्यासाठी बेरियम पाजून जठराचा एक्स-रे काढायची तपासणी केली नाही, बाईंची मुंबईतली एक फेरी वाचली. आणि पित्ताशय काम करतंय म्हटल्यावर डॉक्टरांनी त्यांना घाई केली नाही. भातकापणी उरकून, बेताने जेवत, त्या मार्गशीर्षात मुंबईला गेल्या.

तेव्हाचं ऑपरेशन म्हणजे उजव्या बरगडीखाली वीतभर छेद, दहा-बारा दिवस हॉस्पिटलात आणि मग दोन महिने घागर उचलायची नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात पहिल्यांदा तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली जे. जे. रुग्णालयात केली. बाईंच्या वेळी अजून अकरा वर्षं बाकी होती. परत आल्या तेव्हा त्या इंजेक्शनच्या एका रिकाम्या बाटलीत खडे घेऊन आल्या, आम्हाला दाखवायला. मी टेबलावर कागद पसरून मोजले. एकतीस. माझ्या फिल्मवर चौदा होते. उरलेले त्याच रेघेत एकामागे एक उभे असणार. फिल्मला खोली नसते, हे मला माहीत होतं आणि तरी मी चौदा असं ठासून सांगितलं होतं.

बाटली त्यांनी परत मागून घेतली. नातीला शाळेत न्यायची होती.

नवा कागद

सायक्लोस्टाइलचं नवं स्टेन्सिल मी त्याच आठवड्यात कापलं. 'तीन दिवस' गेले. नवा मजकूर असा होता: "आदल्या दिवशी दुपारी नेहमीसारखं, तूप घालून जेवा. अंडं खात असाल तर खा, शिवराक असाल तर लोणी चालेल. रात्री मात्र तूप, तेल, नारळ, सुकं खोबरं यांतलं काहीच नको. जेवणानंतर गोळ्या, पाच-पाच मिनिटांनी एक. मग पाण्याशिवाय काही नाही. उलटी-जुलाब झाले तर सकाळी सांगा. कळीचा त्रास चालू असेल तर दुपारच्या जेवणाआधी डॉक्टरांना भेटा."

डॉक्टरांनी तो वाचला, सही केली, आणि खाली रिकाम्या जागेत स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली. पुढच्या प्रत्येक प्रतीवर ती त्यांच्याच वळणदार अक्षरात छापून यायची: "बरेच दिवस नुसत्या पेजेवर असाल तर गोळ्या घेण्याआधी सांगा."